परिचयाची फाइल हलकी केली तेव्हा

आमच्या समाजाच्या मंडळाने वधू-वर परिचय मेळावा ऑनलाइन घ्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, आणि हसून होण्याआधीच राग येतो.

आधी कारण सांगते. मला कोड आहे. डाव्या मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत एक पांढरा डाग आणि कानाखाली मानेकडे उतरणारा दुसरा. कॉलेजात असताना सुरू झालं. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. मी शाळेत गणित शिकवते. तिथल्या पोरांनी आल्या आल्या विचारून घेतलं, "मॅम, ये क्या है?" मी सांगितलं आणि विषय मिटला. मोठ्या माणसांचा विषय मिटत नाही, कारण मोठी माणसं विचारत नाहीत. ती नुसती बघतात.

रायपूरजवळच्या स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमध्ये मला बघायला माणसं येत, तेव्हा एक क्षण ठरलेला असायचा. मी चहाचा ट्रे पुढे धरायची, समोरची बाई कप उचलायला हात लांब करायची आणि तिची नजर माझ्या मनगटावर अडकायची. मग ती नजर कानाखाली जायची, तिथून भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पुढचं बोलणं हवापाण्याचं. एकीने तर उचललेला कप तसाच खाली ठेवला, वर साय जमेपर्यंत तो तिथेच होता. नकाराचं मला वाईट वाटत नव्हतं. नकार तर कितीतरी कारणांनी येतात, माझी मावशी उंचीवरून नाकारली गेली होती. मला भीती होती ती त्या क्षणाची. ट्रे हातात असताना माणूस आपल्या डोळ्यांसमोर बदलतो, आणि आपल्याला ट्रे खालीही ठेवता येत नाही.

म्हणून मला लग्न नको होतं असं मात्र कुणी समजू नये. मला लग्न हवं होतं. फक्त दारातून आत येणाऱ्या माणसाला आधीच माहीत असावं, एवढंच माझं मागणं होतं.

आणि व्हिडिओत ते सांगता येणार होतं, माझ्या तोंडाने, माझ्या शब्दांत. घरबसल्या बघा, पटलं तर या. नाही पटलं तर तुमचं तोंड कसं झालं ते मला दिसायचं कारण नाही. याहून सोयीची गोष्ट मंडळाने आजवर केली नव्हती.

आईला हे पटलं नाही. "हातच्या काकणाला आरसा कायले पाहिजे? आल्यावर दिसतेच ना. आधीच कायले सांगायचं?" ती म्हणाली.

"आल्यावर दिसते म्हणूनच," मी म्हणाले.

"लोक व्हिडिओच बंद करून टाकतीन."

"टाकू दे. बंद करताना मले दिसणार नाही."

बाबा मध्ये पडले नाहीत. ते प्लांटमधून सकाळची ड्यूटी करून आले होते. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझा व्हिडिओ काढायला बसले. शर्ट कशाला, दिसणार मीच होते. पण बाबांना वाटलं, समाजासमोर जातोय.

मराठीत बोलायचं ठरलं होतं. मी दिवसभर शाळेत हिंदी बोलते, बाजारात हिंदी, स्टाफरूममध्ये हिंदी. माझी मराठी घराच्या उंबऱ्याआतली, तीही मले-तुलेवाली. नागपूरकडची माणसं ऐकतील म्हणून मी आरशासमोर सराव केला. "जय भीम" म्हणून सुरुवात, मग नाव, शिक्षण, नोकरी, आणि मग डावा हात कॅमेऱ्यासमोर धरून, आधी मागची बाजू, मग पुढची: "माझ्या हातावर आणि मानेवर कोड आहे. त्याचा मला त्रास नाही, तुम्हालाही होणार नाही. ज्यांना हे चालत असेल त्यांनीच यावं. त्यांचं मनापासून स्वागत आहे."

पहिल्या वेळी कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या वेळी शेजारच्या स्कूटरने घात केला. तिसऱ्यांदा नेमक्या त्या वाक्याला चित्र थरथरलं. मी म्हणाले, "बाबा, हात हलला." ते म्हणाले, "हो, हलला." परत काढला, आणि तो चांगला आला. फार चांगला आला. मी स्वतःला कधी एवढी सरळ बसलेली पाहिली नव्हती.

आता तो चढवायचा होता. आणि मंडळाची साइट तो घेईना.

बाबांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओची क्वालिटी सगळ्यात वर ठेवलेली होती, हे कुणाला ठाऊक? एवढासा व्हिडिओ, पण नाकापेक्षा मोती जड. मंडळाच्या पानावर लाल अक्षरं यायची, फाइल मोठी आहे. मी व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून बघितला. तो बारीक झाला खरा, पण तरी मापात बसेना. मग फुकटचं एक अॅप उतरवलं. त्याने फाइल लहान केली आणि माझ्या कपाळावर स्वतःचं नाव छापून दिलं. दुसऱ्या अॅपने चित्र आडवं केलं. शेवटी कशीबशी मापाच्या जवळ आणली, गच्चीवर जाऊन नेटवर्क धरलं, तर गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि शेवटाला पोचल्यावर पहिल्यापासून सुरू. मी त्या चक्राला शिव्या दिल्या, हिंदीत, कारण शिव्यांना मराठी मला पुरत नाही.

गणिताची शिक्षिका म्हणून मी वाचूनही काढलं की हे प्रकरण आहे काय. व्हिडिओ दाबून लहान करायचा म्हणजे डोळ्याला ज्याची उणीव भासणार नाही ते टाकून द्यायचं. जवळजवळच्या रंगांमधला फरक आधी जातो. जे हलतं त्याची कड आधी पुसली जाते. आवाजाचा भार त्यात फारसा नसतो, सगळं ओझं चित्राचं. हे सगळं मी वाचलं, समजून घेतलं आणि माझ्याशी त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

शेवटी बाबांनी काकांना फोन लावला. काका म्हणजे सख्खे नव्हेत. बाबांचे प्लांटमधले जुने सोबती, आता रिटायर, कॅम्प एक वस्तीत राहतात आणि मंडळाचे सचिव आहेत. आयुष्यभर त्यांनी क्रेन चालवली, वितळलेल्या लोखंडाची भांडी माणसांच्या डोक्यावरून नेली. त्यांच्या हातून थेंब सांडला नाही, असं बाबा अभिमानाने सांगतात. असा माणूस म्हणाला, "बाई, तू टेंशन नको घेऊ. ओरिजिनल मले दे. समद्यांचे मीच हलके करून राहिलो."

काकांनी स्कूटरवर येऊन फाइल स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतली, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला, "चढला बाई. एकदम झकास आला."

मी मोकळा श्वास घेतला. बाबांचा मोबाइल जागा नाही, जागा नाही म्हणून ओरडत होता, त्यातून ती मोठी फाइल मी पुसून टाकली. माझ्या मोबाइलमधल्या वेड्यावाकड्याही पुसल्या. कामच झालं होतं.

आता मंडळाचा एक नियम सांगायला हवा. मुलीकडच्यांना फक्त मुलांचे व्हिडिओ दिसतात, मुलाकडच्यांना फक्त मुलींचे. पोरीबाळींचे व्हिडिओ गावभर फिरू नयेत म्हणून. नियम चांगलाच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण मुलांचे व्हिडिओ आम्ही लावले नव्हते, ज्यांना चालेल ते येतीलच म्हणून, आणि माझा या नियमामुळे मी बघितला नाही. बघावा असं सुचलंही नाही. आपण काय बोललो ते आपल्याला माहीतच असतं.

आणि फोन येऊ लागले. एका घरून नव्हे, चांगले तीन-चार. आई चकित झाली. मी तिला चिडवलं, "पाहा, लोक व्हिडिओ बंद करून टाकतात म्हणे." त्या दिवशी तिने पुरणपोळी केली, सण नसताना.

गोंदियाची माणसं रविवारी येणार होती. मुलगा रेल्वेत, घर साधं, बोलणं गोड. बाबांनी फोनवर विचारलं, "व्हिडिओ नीट पाह्यला ना?" त्याच्या वडिलांनी सांगितलं, "पाह्यला म्हणजे? घरभर पाह्यला. पोरगी आमाले पसंत आहे, आता फक्त भेटायचं." बाबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ उगीच पंख्याचा रेग्युलेटर कमी-जास्त करत उभे राहिले.

तो रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो, आणि त्यातला पहिला भाग आठवला की जास्त त्रास होतो. कारण मी आनंदात होते. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी आनंदात असते हे मला माहीतच नव्हतं. अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घातला, केस वर बांधले, मान पूर्ण उघडी. ट्रे घेऊन आले आणि कुणाच्या नजरेकडे बघितलं नाही. ट्रे टेबलावर ठेवून मुलाच्या आईला उजव्या हाताने कप दिला, त्यांनी घेतला, प्यायल्या. खिडकीकडे पाठ होती माझी, त्यामुळे मान सावलीत; मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, डावा हात पदराआड मांडीवर. लपवला नव्हता, तसाच होता. शाळेतल्या गमती सांगितल्या. एका पोराने परीक्षेत "उत्तर शेजाऱ्याच्या पेपरात पाहावे" असं लिहिलं होतं, ते सांगितलं तेव्हा मुलगा मोठ्याने हसला. छान हसायचा तो. मी त्याला विचारलं, रेल्वेत रात्रपाळी असते का, आणि त्याने विचारलं, मला फिरायला आवडतं का. आई दारात उभी राहून बघत होती. मी तिला डोळ्यांनीच म्हटलं, बघितलंस?

मग मुलाच्या आईने पिशवीतून बांगड्या काढल्या. चालीरीतीच्या काही नव्हत्या, गोंदियाच्या बाजारातल्या हिरव्या काचेच्या. "आण वं बाई हात, माप पाहू दे," म्हणत त्यांनी प्रेमाने माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला.

आणि थांबल्या.

"हे काय झालं? भाजलं का तुले?"

मला प्रश्नच कळला नाही. मी हसत म्हणाले, "नाही, ते कोडच. व्हिडिओत सांगितलं ना मी."

त्यांनी मुलाकडे बघितलं, मुलाने वडिलांकडे. वडील म्हणाले, "व्हिडिओत? व्हिडिओत तं असं काही नव्हतं."

"असं कसं? मी हात दाखवला ना," मी म्हणाले.

मुलाने मोबाइल काढला आणि माझा व्हिडिओ लावला. माझ्या घरात, माझ्या आईबाबांसमोर, मी तो पहिल्यांदा तेव्हा बघितला.

आधी शहनाई वाजली. मला वाटलं सुरुवातीची असेल, थांबेल. ती थांबली नाही. पडद्यावर मी बोलत होते, ओठ हलत होते आणि आवाज शहनाईचा येत होता. खाली पट्टीवर माझं नाव, शिक्षण, उंची सरकत होती. चित्र इतकं दाबलं होतं की चेहरा पीठ लावल्यासारखा एकसारखा झाला होता, मान आणि डाग यांत फरक उरला नव्हता. मग मी डावा हात वर केला. हात हलताना नुसता फिकट धूर झाला. मी तो उलटा केला, सुलटा केला. आवाज नसताना ते कसं दिसत होतं सांगू? लाजत लाजत कुणाला टाटा करावा तसं. त्यावर शेवटी माझं हसू.

"तेव्हा आमी म्हटलं, पोरगी हसरी आहे, हात हलवून राहिली," मुलाची आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडले असते.

मी मोबाइल शोधायला धावले. मूळ व्हिडिओ दाखवला की झालं. बाबांच्या मोबाइलमध्ये नव्हता, मीच पुसला होता. माझ्यातही नव्हता. काकांना फोन लावला, तर ते म्हणाले, "बाई, मी तं चढवला की डिलिट मारतो, नाही तर माह्याकडे जागा कुठली?" बाबा मध्येच म्हणाले, "मी स्वतः काढला व्हिडिओ. पोरीनं सांगितलं होतं, शपथ घेतो." त्यांना मी कधी शपथ घेताना ऐकलं नव्हतं.

मग मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर तेच म्हटलं. शब्द पाठ होते. "माझ्या हातावर आणि मानेवर कोड आहे. त्याचा मला त्रास नाही, तुम्हालाही होणार नाही." शब्द तेच, क्रमही तोच. पण हात त्यांनी आधीच बघितला होता. बघण्याआधी म्हटलं असतं तर ती माझी ओळख होती. बघितल्यावर म्हटलं तर पकडलेल्या माणसाची सारवासारव झाली. माझ्या कानांनाही ती तशीच ऐकू आली. "ज्यांना चालत असेल त्यांनीच यावं" हे पुढचं वाक्य मला म्हणता आलं नाही. ते आलेच होते.

वडील म्हणाले, "असू द्या हो, होतं असं कधी कधी." पोहे पुढे आले होते ते त्यांनी खाल्ले, चांगली माणसं होती. मुलगा निघताना माझ्यापाशी थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तो म्हणाला, "तुम्ही बोललाच असाल." या "असाल"ने माझे डोळे भरून आले, आणि त्याला वाटलं मी नकारासाठी रडते आहे. बांगड्या त्यांनी नेल्या नाहीत, टेबलावर विसरल्यासारख्या ठेवून गेले.

काका संध्याकाळी आले. मी त्यांच्यावर जे काही ओरडले ते इथे लिहीत नाही. वडीलधाऱ्या माणसावर असं ओरडू नये हे मला कळतं, पण ओरडले. ते खाली मान घालून बसले होते. "बाई, मी आवाज समद्यांचाच काढला," ते म्हणाले. "कोणाचा मोठा, कोणाचा बारका, कोणाच्या मागं टीव्ही, कोणाच्या मागं सासू-सुनेचं भांडण. म्हटलं समद्यांना एकच शहनाई लावू, कार्यक्रमासारखं वाटीन. आवाज काढला म्हणजे फाइलही हलकी होते ना."

"आवाजाने फाइल हलकी होत नाही काका," मी म्हणाले. "आवाजाला वजनच नसतं."

"नसते का?" त्यांनी खरंच विचारलं.

आमच्या मंडळाच्या प्रत्येक सभेत एक भाषण ठरलेलं असतं, मुलींनी बोललं पाहिजे, अन्याय सहन करू नये, मुकं राहू नये. ते भाषण बहुतेक वेळा काकाच करतात, आणि मनापासून करतात. मंडळातल्या सगळ्या मुली त्या साइटवर शहनाईच्या सुरात ओठ हलवत होत्या. आणि तसं बघितलं तर सगळी मुलंही. कुणी तक्रार केली नव्हती, कारण प्रत्येकाच्या बोलण्यात होतं तेच खाली पट्टीवर होतं. पट्टीवर नसलेलं बोलणारी मी एकटीच निघाले.

"नवीन काढून देते, तो चढवा," मी म्हणाले.

"एका नावावर एकदाच चढतो. रायपूरच्या माणसाकडून साइट बनवून घेतली, तो आता फोन उचलत नाही. मले फक्त पट्टी बदलता येते."

"मग व्हिडिओ काढून टाका."

"तेही त्याच्याच हातात आहे."

तोवर आणखी दोन घरांचे फोन येऊन गेले होते, पोरगी पसंत आहे, येतो म्हणून. त्यांना फोनवर कोण सांगणार, बाबा? काय म्हणून? आधी लपवलं आणि आता सांगतो म्हणून? बाबांनी तरी सांगितलं. एका घराने फोन ठेवून दिला, दुसऱ्याने मंडळाकडे तक्रार केली की मुलीकडचे फसवतात. म्हणजे तक्रार काकांकडेच गेली. त्यांना ती फार लागली. मंडळाच्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

दोन दिवसांनी ते परत आले, या वेळी चेहरा उजळलेला. सोफ्यावर माझ्या आणि बाबांच्या मधे बसून त्यांनी मोबाइल पुढे धरला. "घे बाई. तुले सांगायचंच होतं ना? आता कोणी म्हणणार नाही का लपवलं."

तीच शहनाई, तेच पीठ लावलेलं तोंड. मी हसत हात वर केला, आणि माझ्या हाताखालून पट्टी सरकली. नाव. शिक्षण. नोकरी. उंची. मग लाल अक्षरांत: दोष, अंगावर पांढरे कोड.

"दोष कशाला लिहिलं?" बाबा म्हणाले.

"मग कोणत्या खान्यात टाकू भाऊ? त्या माणसानं खाने आधीच बनवून ठेवलेत. शिक्षणात टाकू का?"

त्यात खोटं काही नव्हतं, माझ्या हातावर कोड आहेच, मला ते सांगायचंच होतं. काकांनी ते माझ्यासाठी धावपळ करून, चष्मा लावून, एकेक अक्षर दाबून लिहिलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, शाबासकीची वाट बघावी तसे. मी म्हणाले, "थँक्यू काका."

आई स्वयंपाकघरातून ओरडली. तिचे हात कणकेत होते, तिला बाहेर येता येत नव्हतं. "काय लिहिलं हो त्यांनी? वाचा ना मोठ्यानं."

पट्टी दुसऱ्यांदा सरकत होती. बाबांनी ती शेवटपर्यंत जाऊ दिली.

"तेच," ते म्हणाले. "नाव, शिक्षण, उंची."